पिठलं-भाकरीचं वजन

पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा हेड कॅशियर म्हणून. रोज संध्याकाळी पैशापैशाचा मेळ बसला की मगच घरी. निवृत्तीनंतर ही विद्या पुन्हा कधी कामी येईल असं वाटलं नव्हतं. आली. गेल्या वर्षी जून ते नोव्हेंबर मी विलायतेत लेकीच्या घरी दर रविवारी सकाळी दोन कासवांचं वजन ग्रॅममध्ये वहीत मांडत होतो.

लेक रेडिंगला राहते. (स्पेलिंग वाचून 'रीडिंग' म्हणणारा माणूस नवखा आहे हे तिथे लगेच कळतं. मी सहा महिने नवखाच राहिलो.) बोलावताना ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुम्ही दोघांनी यायचं आणि फक्त आराम करायचा." ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ असेच न्यू जर्सीला आराम करायला गेले आणि जुळ्या नातवंडांना सहा महिने खांद्यावर खेळवून, कंबरेला पट्टा लावून परत आले. आमची नात आठ वर्षांची, स्वतःची आंघोळ स्वतः करणारी. त्यामुळे आम्ही गाफील होतो.

घरात पाऊल टाकलं तर बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या मानाच्या जागी, एक बिनझाकणाची लाकडी पेटी. जुन्या दिवाणाएवढी. आत माती, दगड, एक उलटी कुंडी, वर दोन दिवे. नात धावत आली आणि म्हणाली, "आजी, आजोबा, मीट पिठलं अँड भाकरी!"

'मीट' ऐकून ही दचकली. मी पेटीत वाकून पाहिलं. अक्रोडाएवढी दोन कासवं मातीत मान घालून बसली होती.

नावं नातीनंच ठेवलेली. तिला पुण्यातली आठवण म्हणून तेवढे दोनच पदार्थ मनापासून आठवतात. नर की मादी, ते मात्र माहीत नव्हतं, कारण या जातीच्या कासवांत ते चार-पाच वर्षांचं होईपर्यंत खात्रीनं कळत नाही. इतकंच कळतं की अंड्यात असताना ऊब जास्त मिळाली तर मादी होते आणि कमी मिळाली तर नर. मराठीला हे आधीच ठाऊक असावं, म्हणून तिनं 'ते कासव' करून विषय मिटवून टाकला. पिठलंही नपुंसकलिंगी, म्हणजे व्याकरण बिनचूक. भाकरीचा निकाल लागायचा आहे.

आमचा आराम दुसऱ्या दिवशी सुरू झाला. लेक आणि जावई आठला कामाला, नात पावणेनऊला शाळेत, आणि फ्रिजच्या दारावर आमच्यासाठी कागद चिकटवलेला. वर ठळक अक्षरांत: 'रोज आंघोळ. कोमट. हनुवटीच्या वर पाणी नको.' मला वाटलं हे मला उद्देशून आहे.

आता एक भाषेची अडचण सांगतो. इंग्रजीत पाण्यातल्या कासवाला एक शब्द आहे आणि जमिनीवरच्याला दुसरा. आपल्याकडे विहिरीतलं ते कासव, समुद्रातलं ते कासव, महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढ्यात दगडाचं असतं तेही कासव. आमच्या हिच्या माहेरी विहिरीत मुद्दाम कासव सोडलेलं होतं, पाणी स्वच्छ राहतं म्हणून. त्यामुळे कासव म्हटलं की हिच्या डोळ्यांसमोर पाणी. पेटीत माती पाहून ती अस्वस्थ झाली. "अहो, कोरडं ठेवलंय बिचाऱ्यांना," म्हणाली आणि बादली भरायला निघाली. मी कागदावरची हनुवटीची ओळ दाखवली म्हणून पुढचा प्रसंग टळला. ही भूमध्य समुद्राकाठची, इटली-ग्रीसकडच्या माळरानातली हर्मन जातीची कासवं. समुद्र दिसतो इतपतच त्यांचा पाण्याशी संबंध. खोल पाण्यात टाकली तर सरळ बुडतात.

पण रोजची आंघोळ मात्र खरी. लहान कासवं पटकन कोरडी पडतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं. ती त्यातच पाणी पितात आणि त्यातच बाकी सगळं उरकतात. एकदा आंघोळ हा शब्द कळल्यावर आमची ही एकदम अधिकारानं पुढे आली. तिनं आजवर दोन मुलं, सहा भाचरं आणि शेजारच्यांची कितीतरी बाळं न्हाऊ घातलीत. कोपर बुडवून पाणी पाहिलं, ओट्यावर पंचा अंथरला, आणि मला हाक मारली, "खोबरेल आणा."

कवचाला तेल लावायचं नाही, असं लेकीनं फोनवर सांगितलं. पूर्वी तिकडचे लोक चकाकी यावी म्हणून लावत, आता डॉक्टर नको म्हणतात. कवच म्हणजे निर्जीव डबा नव्हे, ती हाडं आहेत, त्यांना हात लावलेला कळतो. यावर ही एवढंच म्हणाली, "मालीश नाही म्हणजे बाळसं कसं धरणार?"

इथून पुढे सहा महिने आमच्या घरात जो वाद चालला त्याचं मूळ हे 'बाळसं' आहे.

कासवाच्या पिल्लानं बाळसं धरायचंच नसतं. हे कोणत्याही मराठी आजीला समजावून सांगणं अवघड. भरपूर खाऊ घातलं की ते भराभर वाढतं, पण कवच गुळगुळीत गोल न राहता त्यावर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात आणि हाडं कच्ची राहतात. हळू वाढलेलं कासव चांगलं. ससा-कासवाच्या गोष्टीत हे सगळं आलेलं आहे, आपण नको तो अर्थ घेतला. त्यांचं जेवण तरी काय? डँडेलियनची पानं. ही आपल्याकडच्या पाथरीची लांबची बहीण. मग प्लँटेन नावाचं एक रानटी गवतासारखं पान, ते इसबगोलाच्या घराण्यातलं. थोडं क्लोव्हर. आणि जास्वंद! पानं आणि फुलं दोन्ही. तिथे सुकवलेल्या जास्वंदीची पाकिटं कासवांसाठी दुकानात मिळतात. गणपतीचं फूल कासव खातं हे पाहून ही दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनं तोडगा काढला. आधी फूल गणपतीला वाहायचं, संध्याकाळी निर्माल्य पेटीत. पुण्यात निर्माल्याचं काय करायचं हा प्रश्न महापालिकेला सुटलेला नाही, तो रेडिंगमध्ये एका अक्रोडानं सोडवला.

काय द्यायचं नाही याची यादी मोठी आहे आणि ती वाचताना मला डॉक्टरांनी दिलेल्या माझ्या स्वतःच्या कागदाची आठवण होत होती. फळं नकोत, त्यातली साखर त्यांच्या पोटाला सोसत नाही. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून बसतं. कोबी-फ्लॉवर नको. डाळ, अंडं, दूध अजिबात नको, मूत्रपिंडाचे हाल होतात. हिनं यादी ऐकली, मान डोलावली, आणि मी बागेत गेलो असताना वरणभाताचा एक घास कालवून पेटीत ठेवला. वर तूप होतं का, हे तिनं आजतागायत कबूल केलेलं नाही. पिठलं घासापर्यंत आलं, थांबलं, आणि त्यावरून चालत गेलं. चार पावलांचे ठसे वरणात उमटले. हिला तो अपमान लागला. माझ्या आईनंतर तिच्या वरणाला असं कुणी वागवलं नव्हतं.

एकादशीला मात्र तिनं केळ्याची फोड दिली आणि ती दोघांनी मिनिटात फस्त केली. दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीच्या पाण्याबद्दल मी लिहीत नाही.

कॅल्शियमचा भाग मला आवडला. पानांवर पांढरी पूड भुरभुरायची, आणि पेटीत कायमचा एक पांढरा तुकडा ठेवलेला असतो, त्याला कासवं येता-जाता चावतात. हिनं तो हातात घेतला, नखानं खरवडला, वास घेतला आणि ओरडली, "अहो, हा तर समुद्रफेस!" खरंच तोच. माकुलाच्या अंगातलं ते हाड. आमच्या लहानपणी कान फुटला की आजी तो उगाळून घालायची. वैद्याच्या दुकानात आठ आण्याला मिळणारी वस्तू तिथे पाळीव प्राण्यांच्या दुकानात तीन पौंडांना असते. मी लगेच गुणाकार केला. करू नये हे माहीत असून केला.

पानं आणायचं काम माझ्याकडे आलं. लेकीचं अंगण सहा पावलांचं, तिथले डँडेलियन आठवड्यात संपले. पण मी पुण्याचा माणूस. पहाटे फिरायला जाताना खिशात प्लॅस्टिकची पिशवी ठेवायची आणि दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं आपल्या देवाला आणायची, ही साधना मी तीस वर्षं केलेली आहे. ती विलायतेत फळाला आली. फरक एवढाच की पुण्यात कुंपणातून कुणीतरी "ओ काका!" करतं. तिथे एका दारात एक वृद्ध बाई उभ्या होत्या. मी त्यांच्या हिरवळीच्या कडेला वाकलेला, मूठभर डँडेलियन हातात. मी सवयीनं पळायच्या तयारीत. बाई म्हणाल्या, "थँक यू!" डँडेलियन हे तिथे तण. ते उपटायला लोक पैसे मोजतात. त्या बाईंनी मला आत बोलावून मागचं अंगणही दाखवलं. चोरी करायला जावं आणि माळीकाम गळ्यात पडावं, तसं झालं. पुढे मी त्या गल्लीतली सहा अंगणं धरली. रस्त्याकडेचं काही घ्यायचं नाही असा लेकीचा दंडक होता, तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं आणि कुत्री तर फिरतातच.

दिव्यांविषयी सांगितलंच पाहिजे. जून महिना, पण बाहेर बारा-तेरा अंश आणि भुरभुर. आपल्याला ही हवा ऑगस्टातल्या महाबळेश्वरासारखी, पण तिकिटाच्या पैशात बसणारी नव्हे. जावयाचा एक बाणा आहे. जून ते सप्टेंबर घरातलं हीटिंग लावायचं नाही. "बाबा, उन्हाळा आहे," म्हणतो, आणि अंगात स्वेटर. त्याच खोलीत कासवांना मात्र एका दिव्याखाली तेहतीस अंश, रोज बारा तास, टायमर लावून. शिवाय अतिनील किरणांचा एक वेगळा दिवा, कारण त्याशिवाय त्यांच्या अंगात डी जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसलं की समुद्रफेसाचा डोंगर खाल्ला तरी व्यर्थ. हा दिवा वर्षाच्या आत बदलावा लागतो. तो पेटलेला दिसतो, उजेडही देतो, पण त्यातले ते किरण संपलेले असतात. आमच्या शाखेत असे दोघे होते.

इटलीचं ऊन रेडिंगात विजेवर येतं आणि ते कासवांना मिळतं, मला नाही. मी मग वर्तमानपत्र घेऊन पेटीच्या कडेला खुर्ची टाकू लागलो. हात हळूच दिव्याखाली. एक दिवस लेकीनं फोटो काढला आणि नातलगांच्या ग्रुपवर टाकला: 'बाबांना कासवांचा किती लळा!' मी खुलासा केला नाही.

आमची ही दर गुरुवारी मोबाइलवर गीतेचा वर्ग ऐकते. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा आहे. जसं कासव आपले अवयव आत ओढून घेतं, तशी त्यानं इंद्रियं विषयांपासून आवरून घ्यावीत. हे तिला पाठ. त्यामुळे सुरुवातीला ती पेटीपुढे जरा अदबीनं उभी राहायची. एका दुपारी मी डँडेलियनचं पिवळं फूल पेटीच्या टोकाला ठेवलं. भाकरी दुसऱ्या टोकाला, डोळे मिटून, समाधीत. तिनं एक डोळा उघडला. मान बाहेर आली, आणि मग ते स्थितप्रज्ञ अशा वेगानं निघालं, की वाटेतल्या पिठल्यावर चढून, पलीकडे नाकावर आपटून, फुलात तोंड घालूनच थांबलं. फूल ओठावर पिवळं माखलेलं. ही म्हणाली, "उपमा अवयवांपुरती आहे."

भाकरी पिठल्यावर चढायची ती वारंवार. दिव्याखाली पिठलं बसलं की भाकरी वर. जेवणाच्या फरशीवर पिठलं आलं की भाकरी आडवी. आम्हाला वाटायचं, भावंडांची माया! हिनं तर नातीला जवळ घेऊन सांगितलं, "बघ, कशी एकमेकांना बिलगून असतात." वहीतले आकडे मात्र वेगळं सांगत होते. जूनच्या पहिल्या रविवारी भाकरी एकेचाळीस ग्रॅम, पिठलं अडतीस. जुलैच्या मध्याला भाकरी सेहेचाळीस, पिठलं अडतीसच. दोन रुपयांचं जुनं अकराकोनी नाणं सहा ग्रॅमचं असायचं. म्हणजे पिठलं दीड महिना सहा नाणी आणि वर दोन ग्रॅम चिल्लर यावर अडकलेलं. जिथे जमा होते आणि शिल्लक वाढत नाही, तिथे कुणीतरी मधे खातंय, हे ओळखायला हेड कॅशियर लागतो. मी दोन दिवस पेटीसमोर बसून पाळत ठेवली आणि लेकीला अहवाल दिला. तिनं कासवांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बिलगणं वगैरे काही नाही, ही दादागिरी आहे. कासव हा एकट्यानं राहणारा जीव, त्याला सोबत लागते हे माणसाला वाटतं. दोन ठेवली तर एक दुसऱ्याचं ऊन आणि अन्न अडवतं.

त्या शनिवारी वाटणी झाली. जावयानं पेटीच्या मधोमध फळी ठोकली. दिवे दोन-दोन, कुंड्या दोन, समुद्रफेसाचे दोन तुकडे. फळी अपारदर्शक हवी म्हणे, एकमेकांचं तोंडसुद्धा दिसता कामा नये. मी आमच्या गावच्या घराची वाटणी पाहिलेली आहे. तिथेही भिंत घातली, पण वर फट राहिली आणि ती फट कोर्टात गेली. इथे पंधरा दिवसांत पिठलं एकेचाळीसवर आलं.

ऑगस्टात लेकीनं आम्हाला सेलबॉर्नला नेलं. तासाभराच्या अंतरावरचं खेडं. तिथे अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री राहत, निसर्गाची निरीक्षणं लिहून ठेवणारे. त्यांचं १७८९ सालचं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांच्याकडे टिमथी नावाचं कासव होतं, ते आत्याच्या निधनानंतर १७८० साली वारशानं आलेलं. आपल्याकडे आत्या गेली की पाटल्यांवरून बोलणं होतं. यांनी कासव आणलं, तेही थंडीच्या झोपेत असताना जमिनीतून उकरून, घोडागाडीतून ऐंशी मैल. पुढे तेरा वर्षं या गृहस्थांनी टिमथी कधी झोपतो, कधी उठतो, काय खातो ते टिपलं, त्याचं वजन केलं, त्याला ऐकू येतं का हे पाहायला कर्णा घेऊन त्याच्यावर ओरडले. टिमथीनं लक्ष दिलं नाही. व्हाइट १७९३ साली गेले, टिमथी त्यानंतर वर्षानं. त्याचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे आहे, आणि मागाहून तपासणीत कळलं की टिमथी ही बाई होती. व्हाइटांचं घर पाहून बाहेर पडताना माझ्या वहीविषयी घरात जी चेष्टा चालायची ती थांबली. मी पाद्री नसलो तरी परंपरा जुनी होती.

वारशाचा विचार मात्र डोक्यात राहिला. ही कासवं सहज पन्नास वर्षं जगतात, नीट सांभाळली तर त्याहून जास्त. नात तेव्हा साठीच्या घरात असेल, आणि पिठलं दिव्याखाली. त्यांची कागदपत्रंही आमच्यापेक्षा भक्कम. पूर्वी भूमध्य समुद्राकडून ही कासवं खोक्यांत भरभरून विलायतेत विकायला येत, वाटेतच कितीतरी मरत. १९८४ पासून तो व्यापार बंद झाला. आता तिथेच जन्मलेली पिल्लं, तीही सरकारी प्रमाणपत्रासह. नंबर, जन्मसाल, सगळं. प्रमाणपत्राला मुदत नाही. माझ्या व्हिसाला सहा महिन्यांची होती.

पुण्यातल्या एका मित्रानं फोनवर विचारलं, "एखादं आण की रे, अंगठीपेक्षा जिवंत बरं." त्याच्या बोटात कासवाची अंगठी आहे, दुकानात गल्ल्याजवळ पितळी कासव पाण्याच्या ताटलीत आहे, आणि दोन्हींपैकी एकाचाही उपयोग झालेला नाही. त्याला सांगितलं की आपल्याकडचं ते चांदण्यांच्या नक्षीचं देखणं कासव, जे लोक भरभराटीसाठी गुपचूप घरात ठेवतात, ते ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. विकणाराही आत जातो आणि घेणाराही. तो म्हणाला, "मग अंगठीच बरी."

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून आमचं खरं वाजलं. हिची एक श्रद्धा आहे. आपल्या संतांनी सांगून ठेवलंय की कासवीला दूध नसतं, ती लांबून पिल्लांकडे नुसती पाहते आणि त्या नजरेनंच पिल्लं वाढतात. कीर्तनात हे ऐकताना हिच्या डोळ्यांत पाणी येतं. हे तिनं नातीला सांगितलं. नातीनं शाळेच्या प्रकल्पासाठी कासवाचं सगळं वाचलेलं. ती म्हणाली, "नो आजी. आई मातीत अंडी घालते, झाकते आणि जाते. ती परत बघायला येतच नाही."

ही माझ्याकडे वळली. मी वेळासची आठवण दिली. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. तिथे मार्चात आम्ही समुद्री कासवांची पिल्लं पाण्यात सोडताना पाहायला गेलो होतो. मादी रात्री येते, शंभरेक अंडी वाळूत पुरते आणि पहाटेच्या आत समुद्रात परत. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि आपापली चालू लागतात. "तिथे होती का कुठे आई?" मी विचारलं.

"ती समुद्रातनं बघत असेल," ही म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

ऑक्टोबरात लेकीनं सांगितलं की यंदा कासवांना झोपवायचं. या जातीला मूळ देशी थंडीत झोप लागते, निरोगी असतील तर ती द्यावी, लहानांना थोडे आठवडे. आधी डॉक्टरांची तपासणी झाली. मग दोन आठवडे अन्न बंद, कारण पोटात काही राहिलं तर झोपेत सडतं. आंघोळी चालू. दिवे रोज थोडे कमी. इथपर्यंत ही गप्प होती, दोन आठवड्यांचा उपास तिला ऐकायला तरी धार्मिक वाटला. पण झोपवायचं कुठे हे कळल्यावर तिनं पोळपाट खाली ठेवला.

फ्रिजमध्ये.

विलायतेत हे सर्रास करतात. बाहेरची थंडी बेभरवशाची, कधी गोठवते, कधी मधेच ऊब देऊन जागं करते. फ्रिज पाच अंशांवर इमानदार राहतो. त्यासाठी लेकीनं छोटा वेगळा फ्रिज आणलेला, पूर्वी कुणाचा तरी वाइनचा. दोन डबे, भोकं पाडलेले, आत माती. रोज एकदा दार उघडून हवा खेळवायची, आठवड्यातून एकदा अलगद वजन.

"उपाशी ठेवून फ्रिजमध्ये?" ही म्हणाली. "आपल्याकडे कोथिंबीर ठेवतात."

कार्तिकी एकादशीला देव झोपेतून उठतात. त्याच आठवड्यात कासवं निजली. देवानं एकदा कूर्मावतार घेतलेला आहे, तेव्हा वेळापत्रकाचं त्यांचं त्यांनी आपसात पाहून घ्यावं. निजताना वजन: भाकरी एकसष्ट, पिठलं सत्तावन्न. वहीत लाल शाईनं.

मला रात्री झोप कमी. दोनला जाग आली की मी जिना उतरून जायचो, छोट्या फ्रिजचं दार उघडायचो, पारा बघायचो. पाच. मिटायचो. तिसऱ्या रात्री दिवा लागला. दारात ही.

"डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना तुमचं?"

"अगं, कासवं बघतोय."

पस्तीस वर्षांच्या प्रामाणिक नोकरीनंतर माणसाला रात्री दोन वाजता फ्रिजसमोर हे वाक्य म्हणावं लागतं, आणि समोरच्याला ते पटत नाही. तिनं माझी मिशी पाहिली. कोरडी होती. मग ती पुढे आली, डब्यात वाकली. दोघं अंग चोरून, माती अंगावर घेऊन गाढ. ती बराच वेळ बघत उभी राहिली. शेवटी मला सांगावं लागलं की दार मिट, पारा सहावर गेलाय.

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही परतलो. वही मी बरोबर आणली, लेकीला तिचा उपयोग नव्हता, तिच्याकडे मोबाइलमध्ये आलेख आहे. दर रविवारी ती आकडे कळवायची आणि मी लिहायचो. कासवं आकड्यांत एखाद-दुसरा ग्रॅम सोडायची, तेवढं चालतं.

जानेवारीत भोगीच्या दिवशी सकाळी फोन आला. आमच्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी तव्यावर, आणि तिकडे भाकरी उठलेली. पिठलं तासाभरानं. लेकीनं पहिली आंघोळ घातली होती. नातीनं मोबाइल पेटीवर धरला. पडद्यावर आधी नुसता दिव्याचा उजेड, मग एक सुरकुतलेली मान, मग एक काळा डोळा, सरळ आमच्याकडे रोखलेला. भाकरी एकोणसाठ, पिठलं छप्पन्न. एकूण तूट तीन ग्रॅम. मी लिहून घेतलं.

हिनं पिठाचे हात पदराला पुसले, चष्मा लावला, मोबाइल जवळ घेतला. आधी पिठल्याला पाहिलं, मग भाकरीला, मग मोबाइल वळवायला सांगून लेकीला.

"तिघंही वाळलीत," म्हणाली.